डब्यात काय होतं?

कासारमाळच्या वीज उपकेंद्रातून गावांकडे जाणारा दोन नंबरचा फीडर त्या मंगळवारी सकाळी सव्वानऊला बंद करण्यात आला. काम किरकोळ होतं. ओढ्यापलीकडच्या एका खांबावरचा तडकलेला इन्सुलेटर बदलायचा, तासा-दीड तासात आटोपायचं. वायरमन आनंदा रेडेकर साहित्य न्यायला आला तेव्हा ऑपरेटर सारिका टिपुगडे दारातच उभी होती.

“डब्यात काय?” तिने विचारलं.

आनंदाने आधी भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “दोडका. पर ताई, हे बंद केलंय न्हवं आपण?”

“बंदच आहे. तोंडात बसलंय, निघालं.”

“मग उतरल्यावर फोन करतो. जुन्या रीतीनं.”

“माझा फोन आता बाहेरच्या लॉकरमध्ये असतो. आत न्यायला मनाई आहे. पण करा तुम्ही. वाजलेला ऐकू येतो मला.”

“दोडकाच सांगीन,” आनंदा म्हणाला. “फकस्त ह्या हुजरेनं ठेवला पायजे. डोळा असतोय त्याचा माझ्या डब्यावर.”

गाडीजवळ उभा असलेला ठेकेदाराचा सुपरवायझर हुजरे ओरडला, “चला हो आनंदाभाऊ! दोडक्यावर कोण डोळा ठेवतंय?”

गाडी गेली. सारिका आत येऊन पडद्यासमोर बसली.

हा डब्याचा प्रश्न बाहेरच्या माणसाला गप्पांतला वाटला असता. तसा तो नव्हता. खांबावर चढण्याआधी वायरमन उपकेंद्राकडून परमिट घेतो. ऑपरेटर ब्रेकर, म्हणजे मोठा खटका, उघडून लाइन बंद करतो आणि काम संपून परमिट परत येईपर्यंत ती चार्ज, म्हणजे परत चालू, करत नाही. हा सगळा व्यवहार पूर्वी फोनवर चाले. पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका फोनवर घाईचा आवाज आला होता, “पाथरवट बोलतोय, परमिट परत.” बोलणारा विलास पाथरवट नव्हता. तो खाली उभा असलेला जोडीदार होता आणि काम झालं अशी त्याची समजूत झाली होती. विलास वरच होता. सारिकाने बटण दाबलं.

चौकशीत ती निर्दोष ठरली, कारण तिने सगळं नियमाप्रमाणे केलं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून तिने परमिट देताना विचारायला सुरुवात केली, डब्यात काय आहे? आणि परत घेताना, डब्यात काय होतं? उत्तर जुळलं तरच लाइन चार्ज. खुणेचा शब्द ठरवला असता तर तो दोन दिवसांत सगळ्यांच्या तोंडी झाला असता. डबा मात्र रोज बदलतो. हळूहळू तालुक्यातल्या अकराही उपकेंद्रांत हे सुरू झालं. उत्तर रजिस्टरच्या समासात पेन्सिलीने लिहिलं जाई. मेथी. पिठलं. घेवडा. एखाद्या सोमवारी ‘उपास’. नियमपुस्तकात यातलं काहीच नव्हतं.

मग झाड आलं.

त्याचं अधिकृत नाव कार्यवृक्ष. वीज कंपनीने जुने पॅनल काढून नवे पडदे बसवायचे ठरवले, पण पडद्यावर काय असावं हे इंजिनिअरांनी ठरवायचं नव्हतं. ते झाड ठरवणार होतं. त्यासाठी सांगलीहून समीना मुजावर आली. वय एकतीस, बरोबर तीन कॅमेरे, एक मायक्रोफोन आणि ऑपरेटरची नजर कुठे जाते ते टिपणारा चष्मा. पहिल्याच दिवशी तिने सगळ्या ऑपरेटरांना बसवून समजावलं.

“घराबाहेर पडणं, हे एक काम धरा. त्याचे तुकडे करा. गॅस बंद करणं, खिडक्या लावणं, कुलूप लावणं, किल्ली पर्समध्ये टाकणं. काही तुकडे एकापाठोपाठ एकच व्हायला हवेत, काहींचा क्रम बदलला तरी चालतो, काही मध्येच सोडता येतात. हे सगळं फांद्याफांद्यांनी मांडलं की झालं झाड. यंत्र चाळीस दिवस तुमचं काम बघेल आणि असं झाड स्वतः काढेल. मग झाडावरून पडदा तयार होईल. झाडात जे पान आहे, त्याचंच बटण.”

“आणि कुलूप ओढून बघणं?” सारिकाने विचारलं होतं. “मी दोनदा ओढून बघते.”

समीना हसली होती. “चांगला प्रश्न आहे, सारिकाताई. तुम्ही चाळीस दिवस नेमाने ओढलंत, तर ते काम. अधूनमधून ओढलंत, तर सवय. एकदाही ओढलं नाहीत, तर झाडाच्या लेखी ते नाहीच.”

पडदा तयार झाल्यावर त्याची पडताळणी होई. यंत्र स्वतःच लाखो काल्पनिक ऑपरेटर उभे करी, त्यांना कोट्यवधी पाळ्या करायला लावी आणि तीन गोष्टी गणिताने सिद्ध करी. प्रत्येक काम शेवटपर्यंत नेता येतं. धोक्याच्या अवस्थेत कुठूनही पोचता येत नाही. कुठेही अडकून पडायला होत नाही. तिन्ही सिद्ध झाल्या की शिक्का. असे शिक्के मिळालेले पडदे विमानतळांवर होते, रक्तपेढ्यांत होते, आणि अपघात खरोखरच कमी झाले होते. समीना विकायला आली नव्हती. तिचा यावर विश्वास होता.

त्या संध्याकाळी सारिकाने अकरा उपकेंद्रांच्या गटावर निरोप टाकला. ‘चाळीस दिवस डबा बंद. सगळं पुस्तकाप्रमाणे. ध्वनिमुद्रण चालू आहे, गप्पा मारताना दिसलो तर उत्तर द्यावं लागेल.’ सगळ्यांनी अंगठे दाखवले. चाळीस दिवस कुणी डबा विचारला नाही. रोज पाळी संपताना प्रत्येकाने पडद्यावर सही केली, ‘मी आज नेहमीप्रमाणे काम केले.’ समीना रोज विचारायची, “काही राहिलं का, ताई?” सारिका रोज म्हणायची, “नाही, मॅडम.”

नवा पडदा देखणा होता. चुकायला जागाच नव्हती. फोन गेला, कारण चाळीस दिवसांत फोनवर जे काही बोललं गेलं ते सगळं संदेशातून पाठवण्याजोगं होतं. वायरमनला त्याच्या नावाचा बिल्ला मिळाला. काम झालं की खांबाखाली उभं राहून तो दाबायचा. आधी त्यावर अंगठा लागायचा, पण हातमोजे आणि ग्रीसमुळे दर तिसरा प्रयत्न फसायचा, म्हणून झाडाने ते पान गाळलं. बिल्ल्याचा क्रमांक, ठिकाण आणि वेळ एवढं पुरेसं होतं. आणि परमिट परत आल्यावर ऑपरेटर दीड मिनिटात लाइन चार्ज करतो, असं चाळीस दिवसांत दरवेळी दिसलं होतं. तेव्हा नव्वद सेकंदांत बटण दाबलं गेलं नाही, तर ऑपरेटर विसरला असं धरून यंत्र स्वतःच लाइन चार्ज करणार होतं.

हा पडदा लागून त्या मंगळवारी तीन आठवडे झाले होते.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी हिरवी पट्टी उमटली. ‘फीडर दोन. परमिट परत. चार्ज होण्यास ९० सेकंद.’

सारिकाने कान दिला. लॉकरमधला फोन वाजत नव्हता.

८२. विसरला असेल. तीन आठवडे कुणीच फोन केला नाही, आणि तीन आठवडे तिने दरवेळी बटण दाबलं होतं. पण आज तो स्वतःहून म्हणाला होता, करतो.

७५. तिने ‘थांबवा’ला बोट लावलं. पडद्याने पाच कारणं दाखवली. ब्रेकर दोष. ब्रेकरचा गॅस दाब कमी. संरक्षण संदेश. वरिष्ठांचा आदेश. आग. तिने पहिलं निवडलं. ‘ब्रेकर तपासला. दोष नाही. कारण अमान्य.’ तेवढ्यात अकरा सेकंद गेले.

६१. ‘गॅस दाब सामान्य. कारण अमान्य.’

४९. पडद्याशेजारी लाल खटका होता, पण तो चालू लाइन तोडण्यासाठी. आधीच उघडलेल्या ब्रेकरला तो काही करत नाही. आधी लाइन चालू होऊ द्यायची आणि मग तोडायची, तर खांबावरच्या माणसाला तेवढा वेळ पुरत नाही. ब्रेकर हाताने कुलूपबंद करायची किल्ली नव्या व्यवस्थेत विभागीय कार्यालयात जमा झाली होती. लॉकर दाराबाहेर, कॉरिडॉरच्या टोकाला होतं. जाऊन येईपर्यंत आकडा शून्यावर आला असता.

४०. आदेशाला क्रमांक लागतो, संरक्षण संदेश यंत्राकडूनच येतो; तिने ‘आग’ला बोट लावलं. ‘धूर आढळला नाही. कारण अमान्य.’

कोपऱ्यात अंबाबाईचा फोटो होता. खाली उदबत्तीचं घर आणि काडेपेटी. सारिकाने खण ओढून जुनं रजिस्टर काढलं, शेवटचं पान फाडलं आणि काडी ओढली. पहिली मोडली. दुसरी पेटली. ती खुर्चीवर चढली आणि पेटतं पान छतावरच्या धूरदर्शकाखाली धरलं. बोटांना चटका बसला तरी हात हलू दिला नाही.

पडद्यावर ११ होते तेव्हा भोंगा वाजला. चालू असलेले तिन्ही फीडर बंद पडले. सगळे ब्रेकर कुलूपबंद झाले. तेवीस गावं आणि एक ग्रामीण रुग्णालय यांची वीज गेली.

ती धावत लॉकरकडे गेली. पहिला फोन कुणी उचलला नाही. दुसराही नाही. तिसरा उचलला.

“आनंदाभाऊ, डब्यात काय होतं?”

“आँ?” वाऱ्याचा आवाज येत होता. “डबा उघडला कुठं अजून? वर हाय की मी, ताई. दोन मिनिटं द्या, एक बाइंडिंग सुटलंय.”

“दोन काय, हवा तेवढा वेळ घ्या,” सारिका म्हणाली.

झालं होतं ते असं. इन्सुलेटर बसवून आनंदा खाली उतरला, लाइन चुकून चालू झाली तर वीज जमिनीत उतरवणारा अर्थिंगचा दांडा काढला, सहज वर पाहिलं तर तार बांधून ठेवणारं बाजूचं बाइंडिंग लोंबत होतं. तो परत चढला. बिल्ल्याची साखळी कमरपट्ट्यात अडकते म्हणून चढताना सगळेच तो खालच्या माणसाकडे देत. हुजरे गाडीमागे फोनवर बोलत होता. तो पुढे आला, दांडा काढलेला बघून वर न पाहताच काम झालं असं समजला आणि जवळचा आनंदाचा बिल्ला दाबला.

चौकशी तिसऱ्या दिवशी झाली. कार्यकारी अभियंता पोवार साहेबांच्या खोलीत तिघंच होते, साहेब, सारिका आणि सांगलीहून बोलावलेली समीना. हुजरे आणि आनंदाचे जबाब आधीच झाले होते.

“टिपुगडे बाई,” पोवार म्हणाले, “रुग्णालयाचा जनरेटर चौदा सेकंदांत चालू झाला, म्हणून आपण इथं शांत बसलोय. तुम्ही उपकेंद्रात जाळ केलात.”

“आनंदाभाऊ वर होते, साहेब.”

“ते तुम्हाला नंतर कळलं. आधी काय कळलं होतं?”

सारिकाने पिशवी मांडीवर ओढली.

पोवारांनी पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. “हे बघा, एक माणूस वाचलाय. मला तुमची नोकरी घालवायची नाही. तुम्ही घाबरलात, असं लिहितो. घाबरणं गुन्हा नाही. ताकीद मिळेल, विषय संपेल.”

“आणि पडदा?”

“पडद्याचं काय? हुजरेला काढलाय. बिल्ला दुसऱ्याकडे द्यायचा नाही, असं परिपत्रक निघेल. पडदा तर सिद्ध झालेला आहे.”

समीना पहिल्यांदाच बोलली. “मी दोन रात्री झाड तपासतेय, सारिकाताई. सगळी पानं बरोबर आहेत. परमिट परत आल्यावर तुम्ही कधीच थांबला नाहीत. चाळीस दिवसांत एकदाही नाही. मग मंगळवारी का थांबलात?”

प्रश्न सरळ होता. ‘घाबरले’ म्हटलं की सारिका त्याच संध्याकाळी परत आपल्या खुर्चीत बसणार होती. खरं सांगितलं, तर चाळीस खोट्या सह्या तिच्या होत्याच, शिवाय बाकीच्या दहा उपकेंद्रांतल्या ऑपरेटरांच्याही होत्या. खोटी सही म्हणजे बडतर्फी. आणि राज्यभरात अकराशे उपकेंद्रांत हाच पडदा बसणार होता.

तिने पिशवीतून रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. शेवटचं पान फाटलेलं होतं.

समीनाने ते उघडलं. समासात पेन्सिलीचे शब्द होते. मेथी, पिठलं, घेवडा, उपास, कारलं, परत मेथी. पानामागून पान, वर्षामागून वर्ष. मग एकाएकी समास कोरे झाले. तिने तारखा पाहिल्या. कोरी पानं मोजायची गरज तिला पडली नाही.

“हे माझे चाळीस दिवस आहेत,” ती म्हणाली.

“हो, मॅडम.” मग सारिकाने सगळं सांगितलं, विलास पाथरवटपासून मंगळवारच्या दोडक्यापर्यंत.

“मी रोज विचारत होते तुम्हाला. काही राहिलं का म्हणून.”

“विचारत होतात. कॅमेऱ्यापुढे विचारत होतात. डब्याच्या गप्पा तुमच्या अहवालात आल्या असत्या आणि अहवाल साहेबांकडे आला असता. मागं एकाला चहाच्या गप्पांवरून नोटीस मिळालीय.”

पोवारांनी खिडकीकडे पाहिलं. ती नोटीस त्यांचीच होती.

“म्हणजे यंत्राने काम बघितलंच नाही,” समीना हळू म्हणाली. “आम्हाला घाबरलेली माणसं काय करतात, ते बघितलं. आणि त्यावर शिक्का मारला.”

“बाकी दहा ठिकाणी?” पोवारांनी विचारलं.

“निरोप माझा होता. माझ्या सांगण्यावरून थांबले सगळे. ते माझ्या नावावर लिहा.”

“तुम्ही सांगताय तसं लिहिलं, तर तुम्हाला कंट्रोल रूममध्ये ठेवता येणार नाही मला.”

“माहीत आहे, साहेब. लिहा.”

पुढच्या आठवड्यात समीना कासारमाळला आली ती कॅमेऱ्यांशिवाय. तिने लॅपटॉप सारिकासमोर ठेवला आणि झाडात नवं पान घातलं. ‘डब्याचा प्रश्न.’ जुनी रजिस्टरं यंत्राला वाचायला दिली. चार मिनिटांत नवा पडदा तयार झाला. परमिट परत आलं की एक चौकट उघडत होती. तिच्यात बारा भाज्यांची यादी, आणि त्या वायरमनच्या सवयीनुसार सर्वांत संभाव्य भाजीवर आधीच खूण.

सारिकाने यादी वाचली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. “यानं तर आनंदाभाऊंचा दोडका आधीच टिक करून ठेवलाय. आता डबा आणायचं कारणच उरलं नाही.”

“आणि ऑपरेटर नुसता ‘पुढे’ दाबेल,” समीना म्हणाली.

“दाबेलच. मीही दाबला असता.”

समीनाने पान पुसलं. मग तिने दुसरं पान काढलं आणि त्यावर दोनच शब्द लिहिले, ‘ऑपरेटर थांबते.’ त्याखाली काहीच तुकडे नाहीत, आकडा नाही, कारणांची यादी नाही. शेजारी एक फोन.

पडताळणीने लाल पट्टी दाखवली. ‘या टप्प्यावर काम अनिश्चित काळ थांबू शकते. पडदा अमान्य.’

“बरोबर बोलतंय ते,” सारिका म्हणाली.

“बरोबरच बोलतंय. तेच हवंय आपल्याला.” समीनाने अर्ज भरायला घेतला. शिक्क्याशिवायचा पडदा लावायचा, तर खाली दोन माणसांच्या सह्या लागत. एक तिने केली. दुसरी पोवारांनी दोन दिवस लावून केली. फक्त कासारमाळपुरता, फक्त नव्वद दिवस. त्याच टपालात सारिकाचं पत्र आलं. खोट्या घोषणेबद्दल ऑपरेटर पदावरून हटवून भांडार विभागात बदली, सोमवारपासून. दहा उपकेंद्रांना लेखी समज. पत्राच्या शेवटी, मंगळवारच्या प्रसंगावधानाबद्दल कौतुकाची एक ओळ होती.

शुक्रवार तिच्या शेवटच्या पाळीचा दिवस. मागच्या खुर्चीत समीना होती. आदल्या दिवशी तीन नंबरच्या फीडरवर फांदी घासत असल्याची तक्रार आली होती. सकाळी आनंदाने परमिट घेतलं आणि नव्या फोनवर सांगितलं, “कारलं, ताई. बायकोला राग आलाय.” हुजरेच्या जागी आता सुतार नावाचा सुपरवायझर होता.

साडेअकराला हिरवी पट्टी आली. ‘फीडर तीन. परमिट परत.’ पुढे काहीच आलं नाही. आकडा नाही, भोंगा नाही. पडदा थांबून राहिला. फोन वाजला.

“झालं, ताई. उतरलोय खाली.”

“डब्यात काय होतं?”

“मेथी.”

समीना खुर्चीत ताठ झाली. सारिकाने फोन कानाशी घट्ट धरला. आवाज आनंदाचाच होता. पंधरा वर्षांपूर्वीचा तो आवाजही विलासचाच वाटला होता.

“सकाळी कारलं म्हणाला होतात.”

“व्हय. कारलं सुताराला दिलं, त्याची मेथी मी घेतली. बिचाऱ्याला कारलं आवडतंय.”

“सुताराला फोन द्या.”

“ताई, मी सांगतोय न्हवं—”

“द्या फोन.”

पलीकडे चालल्याचा आवाज आला. मग एक भरदार आवाज, तोंडात घास असलेला. “बोला, मॅडम.”

“काय खाताय?”

“कारलं. गूळ घातलाय ह्यात, झकास झालंय.”

“आनंदाभाऊ कुठं आहेत?”

“हे काय, समोर. झाडाखाली बसलेत. पाय लांब करून.”

“दांडा कुठंय?”

“गाडीत. मीच ठेवला.”

“त्यांना फोन परत द्या.” सारिकाने एक श्वास घेतला. “आनंदाभाऊ, मी विचारल्याशिवाय आता परत वर चढायचं नाही.”

“न्हाय चढत. मेथी संपवतो की.”

मग तिने बटण दाबलं. ब्रेकर ठक्कन बसला, तीन नंबरचा काटा वर चढला. पडद्यावर खालच्या कोपऱ्यात यंत्राने नोंद केली.

‘थांबण्याचा कालावधी: ३ मिनिटे १२ सेकंद. कारण: नोंद नाही.’

सारिकाने खणातून पेन्सिल काढली, रजिस्टर उघडलं आणि समासात लिहिलं, कारलं. मग त्यावर रेघ मारून, मेथी.